अर्ज नामंजूर झाल्यावर

निराधार अनुदान, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा निवृत्तिवेतन यांपैकी कशाचाही अर्ज नामंजूर झाला, तर त्या निर्णयाविरुद्ध वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. हेच अपील. मात्र सगळ्या नामंजुऱ्यांची दाद एकाच ठिकाणी लागत नाही. वैद्यकीय मंडळाने दिलेले टक्के मान्य नसतील तर एक वाट, तहसील कार्यालयाने अनुदान नाकारले असेल तर दुसरी, आणि सुरू असलेले पैसे खात्यात यायचे थांबले तर तिसरी. नाशिक जिल्ह्यात हे निर्णय वेगवेगळ्या छपरांखाली होतात. टक्के त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘सिव्हिल’ला ठरतात. अनुदानाचा अर्ज पंधरा तालुक्यांपैकी आपापल्या तहसील कार्यालयात जातो. जिल्हाधिकारी कार्यालय सीबीएसजवळ आहे, विभागीय आयुक्त नाशिकरोडला बसतात आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. सुरगाण्याहून नाशिकला यायचे तर ऐंशी-नव्वद किलोमीटरचा रस्ता. काठी किंवा चाकाची खुर्ची घेऊन निघालेल्या माणसाचा एक हेलपाटा म्हणजे एसटीचे भाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी आणि पूर्ण दिवस. म्हणून कागद कुठे द्यायचा हे घरून निघण्याआधी ठरलेले असावे.

एका अर्जामागचे अनेक निर्णय

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. पासष्ट वर्षांखालील निराधार, विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती तिच्या कक्षेत येतात. पासष्टीनंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना लागू होते. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ मध्ये सुरू झाली. तिची अट कडक आहे: दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि किमान ८० टक्के दिव्यांगत्व. केंद्राचे ३०० रुपये आणि उरलेली भर राज्याची, अशी ती रक्कम मिळते. संजय गांधी योजनेची महिन्याची रक्कम ६०० रुपयांवरून २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २०२५ मध्ये २,५०० करण्याचा निर्णय झाला. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारणपणे २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,०००.

ही मर्यादा फार खाली आहे हे स्पष्टच म्हटले पाहिजे. वर्षाला ५०,००० म्हणजे महिन्याला साधारण ४,१७० रुपये. घरातला एक माणूस निफाडच्या द्राक्षबागेत हंगामभर कामाला गेला, तरी कुटुंब ही रेषा ओलांडू शकते. उत्पन्नाच्या कारणावरून होणाऱ्या नामंजुऱ्या हिशेबाच्या चुकीतून येतात तशा या आखूड रेषेतूनही येतात. हिशेबाच्या चुकीवर अपील चालते. रेषेवर अपील चालत नाही, ती बदलायची तर शासन निर्णय बदलावा लागतो.

तहसीलमध्ये एक अर्ज दाखल होतो, पण त्याच्यामागे किमान तीन निर्णय उभे असतात. पहिला वैद्यकीय, दिव्यांगत्व किती टक्के. दुसरा महसुली, उत्पन्नाचा दाखला किती रकमेचा आणि रहिवासाचा पुरावा पुरेसा आहे का. तलाठ्याचा, म्हणजे २०२४ पासूनच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, चौकशी अहवाल यात महत्त्वाचा. तिसरा तालुका समितीचा. अशासकीय अध्यक्ष असलेली ही समिती तहसीलदारांच्या कार्यालयामार्फत चालते आणि पात्र-अपात्रतेची यादी ठरवते. मंजुरी मिळाल्यावरही पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होतात. त्यामुळे बँक आणि आधारची जोडणी ही चौथी पायरी होते.

अर्जदाराच्या कानावर मात्र एकच वाक्य येते: ‘तुमचं काम बसत नाही.’ या चारपैकी कोणत्या पायरीवर बसले नाही हे शोधणे, अपिलाचे निम्मे काम हेच. ३८ टक्क्यांचे प्रमाणपत्र जोडलेला अर्ज तहसीलने फेटाळला, तर तहसीलदारांविरुद्ध अपील करून काही हाती लागत नाही, कारण समोरच्या कागदाप्रमाणे त्यांचा निर्णय बरोबरच असतो. तिथे टक्क्यांविरुद्ध लढावे लागते. उलट प्रमाणपत्र ६० टक्क्यांचे असून अर्ज उत्पन्नावरून अडला असेल, तर सिव्हिलला पुन्हा चकरा मारून उपयोग नाही.

लेखी नकार

तोंडी नकारावर अपील करता येत नाही. कधी नाकारले, कोणी नाकारले आणि का नाकारले, हे कागदावर नसेल तर वरचा अधिकारी तपासणार काय? नाशिकमध्येच नव्हे, राज्यभर अर्जदारांचे सर्वांत मोठे नुकसान इथे होते. खिडकीवरचा माणूस कागद परत करतो आणि अर्जदार निघून जातो. नोंदवहीत अर्जच नसतो, मग नामंजुरी कुठून असणार आणि मुदत तरी कशाची मोजणार?

कायदा या बाबतीत अर्जदाराच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५८ नुसार प्रमाणन प्राधिकाऱ्याने तपासणीनंतर दोनपैकी एक गोष्ट केलीच पाहिजे. एक तर प्रमाणपत्र द्यायचे, नाही तर विनिर्दिष्ट दिव्यांगत्व नसल्याचे लेखी कळवायचे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनी नकाराची कारणेही लेखी देणे बंधनकारक केले. त्यासाठी आधी एक महिन्याची मुदत होती, २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांची झाली. मुदत वाढवणे दुर्गम भागातल्या अर्जदाराच्या हिताचे नव्हते, पण कारणे लेखी देण्याचे बंधन कायम आहे.

अनुदानाच्या अर्जालाही हेच तत्त्व लागू होते. एखाद्याच्या हक्कावर परिणाम करणाऱ्या आदेशात कारणे असली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी प्रकरणात सांगितले आहे. ‘त्रुटी आहे’ किंवा ‘अपात्र’ एवढा एक शब्द म्हणजे कारण नव्हे. कोणती त्रुटी, कोणत्या निकषात अपात्र, हे आदेशातून कळले पाहिजे.

म्हणून अर्ज नेहमी दोन प्रतींत करावा. एक प्रत कार्यालयाला, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच द्यायला कोणी तयार नसेल तर अर्ज स्पीड पोस्टने पाठवावा, पावती हाच पुरावा होतो. ऑनलाइन भरलेल्या अर्जाचा क्रमांक आणि छापील पावती जपून ठेवावी. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज केला असला तरी पावती अर्जदाराकडेच हवी, केंद्रचालकाकडे नव्हे.

नकार मिळूनही कारण कळत नसेल तर माहितीचा अधिकार उपयोगी पडतो. २००५ च्या कायद्याखाली १० रुपये शुल्काचा अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. तहसीलकडे तलाठ्याचा चौकशी अहवाल, समितीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि आपल्या अर्जावरील शेऱ्यांची प्रत मागावी. सिव्हिलकडे मंडळाची तपासणी नोंद आणि गुणांकनाचा तक्ता मागावा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकारी आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाचे नाशिक खंडपीठ. आयोगाकडे प्रकरण रेंगाळू शकते, म्हणून मूळ अपील माहितीच्या उत्तरासाठी थांबवू नये. आधी अपील दाखल करावे, माहिती हाती आली की पुरवणी निवेदन जोडावे.

ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या भत्त्याचा निर्णय पत्राने येतो. त्यात कारण असते आणि फेरविचार कसा मागायचा हेही असते. फेरविचारातही नकार आला तर न्यायाधीश, डॉक्टर आणि दिव्यांगत्वाचा अनुभव असलेला सदस्य अशा तिघांच्या स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे सुनावणी होते. तिथे चाललेल्या सुनावण्यांपैकी निम्म्याहून अधिक अर्जदाराच्या बाजूने लागतात. पहिली तपासणी घाईची असते आणि दुसऱ्यांदा नीट पाहिले की निकाल फिरतो, याचा हा मोठा पुरावा आहे. महाराष्ट्रात अनुदानासाठी असे स्वतंत्र न्यायाधिकरण नाही. दाद बहुतेक वेळा त्याच विभागातल्या वरच्या खुर्चीकडे जाते. त्यामुळे अर्जदाराचा कागद अधिक पक्का असावा लागतो.

टक्क्यांचा वाद

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात होती. ४० टक्के ही लाभांसाठीची मुख्य पायरी आहे. मोजणी कशी करायची याची केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे ४ जानेवारी २०१८ रोजी प्रसिद्ध झाली आणि मार्च २०२४ मध्ये सुधारली गेली. टक्के डॉक्टरांच्या अंदाजाने नव्हे, या तत्त्वांतील तक्त्यांनी ठरतात. अपील लिहिणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे. ‘मला खूप त्रास होतो’ हे खरे असले तरी अपिलीय मंडळ पाहणार ते तक्ता बरोबर लावला गेला का.

एका डोळ्याने अजिबात दिसत नाही आणि दुसरा डोळा चांगला आहे, अशा व्यक्तीला २०१८ च्या तत्त्वांनुसार ३० टक्के मिळतात. ती ४० च्या खालीच राहते. तिने कितीही वेळा फेरतपासणी मागितली तरी आकडा बदलणार नाही, कारण मोजणीत चूक नाही. असे लोक वर्षानुवर्षे चकरा मारतात आणि कोणी त्यांना हे सरळ सांगत नाही, ही दुःखाची गोष्ट आहे. पण याच व्यक्तीला ऐकूही कमी येत असेल तर चित्र पालटते. दोन दिव्यांगत्वे असतील तर त्यांची बेरीज करायची नसते. मोठा आकडा घ्यायचा, तो ९० मधून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचे आणि येणारे उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचे. डोळ्याचे ३० आणि कानाचे १८ असतील तर ९० वजा ३० म्हणजे ६०, गुणिले १८ म्हणजे १,०८०, भागिले ९० म्हणजे १२. एकूण ४२ टक्के. व्यक्ती पात्र ठरते. फक्त डोळ्याच्या विभागात तपासणी करून घरी गेली असती तर ३० वरच अडकली असती. अशा वेळी अपिलापेक्षा दुसऱ्या दिव्यांगत्वाच्या नोंदीसह नव्याने तपासणी मागणे हा जवळचा मार्ग असतो.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासी तालुक्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. २०१६ च्या अधिनियमाने हा रक्तविकार पहिल्यांदा दिव्यांगत्वाच्या यादीत आणला. त्याची अडचण अशी की तपासणीच्या दिवशी रुग्ण चालत येतो, बोलतो, बाहेरून धडधाकट दिसतो. आजार दिसतो तो वेदनेच्या झटक्यांत, वारंवार भरतीत, रक्त भरावे लागण्यात, सांध्यांवर आणि प्लीहेवर झालेल्या परिणामात. त्यामुळे इथे निकाल ठरवतात ते कागद: इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीचा अहवाल, प्रत्येक भरतीचे डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याच्या नोंदी. गावातल्या शिबिरातली प्राथमिक चाचणी पुरत नाही. आजार असलेली ‘एसएस’ व्यक्ती आणि केवळ वाहक असलेली ‘एएस’ व्यक्ती यांतला फरकही अहवालात स्पष्ट असावा लागतो. वाहकाला या यादीत स्थान नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातले कागद घरात पावसाळ्यात भिजतात, हरवतात. केंद्रातील नोंदवहीवरून वैद्यकीय अधिकाऱ्याचे लेखी प्रमाणपत्र घेता येते, ते अपिलाला जोडावे.

मानसिक आजाराच्या बाबतीत ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी घेणे, माणसांशी संबंध, बोलणे-समजणे आणि काम, अशा चार बाजूंनी गुण दिले जातात आणि आजार किती काळ आहे हेही मोजले जाते. या चारही गोष्टी दहा मिनिटांच्या भेटीत दिसत नाहीत, त्या घरच्यांना ठाऊक असतात. रुग्णासोबत रोज राहणाऱ्या व्यक्तीला मंडळापुढे बोलू दिले नसेल, तर हा अपिलाचा रास्त मुद्दा आहे.

तात्पुरत्या प्रमाणपत्रावर पुनर्तपासणीची तारीख असते. ती उलटून गेल्यावर लाभ थांबतो आणि लोक त्याला नामंजुरी समजतात. तिथे अपील नको, मुदतीआधी पुनर्तपासणी हवी. बदल होणार नाही अशा अवस्थेलाही मंडळाने तात्पुरते प्रमाणपत्र दिले असेल, उदाहरणार्थ अवयव कापला गेला असताना, तर मात्र ‘कायमस्वरूपी’ नोंद मिळावी म्हणून अपील करणे योग्यच आहे.

प्रमाणपत्राविरुद्धच्या अपिलाचा हक्क कलम ५९ मध्ये आहे. अपिलीय प्राधिकारी कोण आणि मुदत किती, हे ठरवण्याचे काम अधिनियमाने राज्य शासनाकडे सोपवले आहे. म्हणून पहिले पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांना लिहून आपल्या दिव्यांगत्वाच्या प्रकारासाठीचे अपिलीय मंडळ आणि त्याची मुदत लेखी विचारावी, आणि त्याच वेळी फेरतपासणीही मागावी. अपिलाचा मजकूर एक-दीड पानाचा पुरतो. प्रमाणपत्राचा किंवा नकाराचा क्रमांक आणि तारीख, मोजणीत नेमकी कुठे चूक वाटते, कोणती तपासणी झाली नाही, कोणते जुने अहवाल पाहिले गेले नाहीत आणि मागणी काय, एवढे आले की झाले. सोबत नवा तज्ज्ञ अहवाल असेल तर वजन वाढते. ऐकण्याच्या बाबतीत ऑडिओमेट्री किंवा बेरा, दृष्टीसाठी दोन्ही डोळ्यांची नजर आणि दृष्टिक्षेत्र, हातापायांसाठी सांध्यांच्या हालचालीची मोजमापे.

सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात दिलेला निकाल इथे मोलाचा आहे. वाचा व भाषेच्या दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० च्या वर गेल्यामुळे त्याला वैद्यकीय प्रवेशासाठी अपात्र ठरवले होते. न्या. भूषण गवई, न्या. अरविंद कुमार आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने सांगितले, की केवळ आकड्यावरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. मंडळाने त्या व्यक्तीला ते शिक्षण घेता येईल का हे तपासून कारणांसह मत नोंदवले पाहिजे. अशा मंडळांच्या विरोधी मतांवर अपील ऐकणारी यंत्रणा उभी होईपर्यंत न्यायालये ती मते तपासतील आणि गरज पडल्यास नामवंत वैद्यकीय संस्थेकडून स्वतंत्र मत घेतील, असेही निकालात आहे. प्रकरण प्रवेशाचे होते, पण वैद्यकीय मंडळाचे मत अंतिम आणि कारणाविना असू शकत नाही, हा मुद्दा अनुदानाच्या अर्जदारालाही आपल्या अपिलात मांडता येतो.

२०२४ मध्ये बनावट दिव्यांग प्रमाणपत्रांचा प्रश्न राज्यात गाजला आणि पुढे कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांच्या पडताळण्या सुरू झाल्या. फसवणुकीने लाभ घेणाऱ्याला कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अशी पडताळणी व्हायलाच हवी. मात्र तिची झळ खऱ्या दिव्यांगाला लागू नये. पडताळणीत टक्के कमी झाले तर तोही एक निर्णयच असतो. त्याचीही लेखी कारणे मागता येतात आणि त्याविरुद्धही अपील करता येते.

तहसीलचा निर्णय आणि दाखले

उत्पन्नाच्या दाखल्यावर काम अडले असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ कामाचा आहे. उत्पन्नाचा, वय-अधिवासाचा दाखला अशा महसुली सेवा या कायद्याखाली अधिसूचित आहेत आणि त्यांना ठरलेली मुदत आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला तर ३० दिवसांत पहिले अपील करता येते. पुरेसे कारण असेल तर ९० दिवसांपर्यंतही ते दाखल करून घेता येते. निकाल ३० दिवसांत अपेक्षित असतो. त्यानंतर ३० दिवसांत दुसरे अपील, त्याचा निकाल ४५ दिवसांत. शेवटी ६० दिवसांच्या आत राज्य सेवा हक्क आयोग, ज्याच्या नाशिक विभागासाठी स्वतंत्र आयुक्त आहेत. सेवा विनाकारण नाकारणाऱ्या किंवा लांबवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. या दंडाचा उल्लेख अपिलात नम्रपणे केला तरी कागद हलतो.

उत्पन्नावर आक्षेप घेताना मोघम लिहू नये. कोणाकोणाचे उत्पन्न धरले, शेतीचे किती, मजुरीचे किती, हे विचारावे. वेगळी चूल मांडलेल्या भावाची कमाई दिव्यांग व्यक्तीच्या नावावर धरलेली असते. कधी सातबाऱ्यावर सामाईक नाव असते आणि प्रत्यक्षात वाट्याला काहीच येत नाही. शिधापत्रिका वेगळी असेल तर ती सर्वांत आधी जोडावी. फेरचौकशीची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याकडून पुन्हा स्थानिक पाहणीची, मागणीही करावी.

समितीने अर्ज नाकारला असेल तर आधी तहसीलदारांकडे आदेशाची प्रत आणि अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम लेखी मागावे, मग त्या अधिकाऱ्याकडे अपील करून त्याची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेला द्यावी. समितीची बैठकच महिनोन्महिने झाली नाही, अशीही वेळ येते. तेव्हा अपील नव्हे, विलंबाची तक्रार करायची. त्यासाठी लोकशाही दिन आहे: तालुक्यात तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी, विभागीय आयुक्तांकडे दुसऱ्या सोमवारी. विहित नमुन्यातला अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट आणि अपिलाच्या स्वरूपाची प्रकरणे तिथे घेतली जात नाहीत. लोकशाही दिनात टोकन मिळाले म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही, ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते.

महापालिका, नगरपरिषदा आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. त्यातून मिळणारी मदत तहसीलच्या योजनांपासून अगदी वेगळी. शहरात तिची दाद महापालिका आयुक्तांकडे आणि गावात गटविकास अधिकाऱ्यांकडे मागायची.

पैसे थांबले तर

दर वर्षी हयातीचा दाखला आणि उत्पन्नाची पडताळणी लागते. ती राहिली की पैसे थांबतात. आधार एका खात्याशी आणि अर्जातले खाते दुसरे, असे झाले तरी पैसे भलत्याच खात्यात जातात किंवा परत फिरतात. बँकेत जाऊन आधारशी सध्या कोणते खाते जोडले आहे हे विचारल्यावर बरेचसे प्रश्न तिथेच सुटतात. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचे बोटांचे ठसे उमटत नसतील तर घरी येऊन पडताळणी करण्याची लेखी विनंती तहसीलदारांना करावी.

‘अपात्र’ असा शेरा मारून पैसे बंद केले असतील तर गोष्ट वेगळी. मिळत असलेला लाभ काढून घेण्याआधी नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. ती दिली नसेल तर एवढ्या एका मुद्द्यावरही आदेश टिकणे अवघड असते. अपिलात तो पहिल्या परिच्छेदात यावा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यातला विमाधारक कामगार अपघातात दिव्यांग झाला तर त्याचा हिशेब निराळा असतो. तिथे राज्य कामगार विमा योजनेचे वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली ते ठरवते. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, असे कायद्याच्या अनुसूचीतच आहे. हे टक्के आणि सिव्हिलचे टक्के एकमेकांना पर्याय नाहीत. या मंडळाविरुद्ध वैद्यकीय अपील न्यायाधिकरण किंवा कामगार विमा न्यायालय अशी वाट आहे आणि तिची मुदत जेमतेम तीन महिन्यांची आहे.

आयुक्त, विधी सेवा आणि उच्च न्यायालय

पुण्यातील दिव्यांग आयुक्त दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ८० खाली हक्क डावलल्याच्या तक्रारीची चौकशी करतात. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी केलेली शिफारस संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत अमलात आणायची, किंवा का आणत नाही हे आयुक्तांना आणि तक्रारदाराला कळवायचे, असे कलम ८१ म्हणते. तक्रार टपालाने करता येते, पुण्याला जायची गरज पडू नये. कलम २४ मध्ये आणखी एक तरतूद आहे: सामाजिक सुरक्षा योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम तशाच योजनेतील इतरांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावी. एखादी संस्था किंवा महापालिका स्वतःची योजना आखताना हे विसरली असेल, तर आयुक्तांपुढे तो ठोस मुद्दा आहे.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून अपील सोडू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही ते आहे. नाशिकचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, तालुक्याच्या न्यायालयांत तालुका समित्या आहेत आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक देशभर चालतो. अपिलाचा मसुदा लिहून घेण्यासाठीही तिथे जाता येते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीच्या वतीने सही कोण करणार असा प्रश्न आला, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेतील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो.

सगळ्या वाटा संपल्यावर घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाच्या कक्षेत येतो, शेजारचे धुळे, जळगाव औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. उच्च न्यायालय स्वतः टक्के मोजत बसत नाही. नियम पाळला का, कारणे दिली का, म्हणणे ऐकले का, हे ते पाहते. कमतरता आढळली तर आदेश रद्द करून नव्याने निर्णय घ्यायला सांगते. आधीच्या पायऱ्यांवरची प्रत्येक पोच आणि लेखी नकार तिथे उपयोगी पडतो.

अपील मंजूर झाले की आदेश नीट वाचून घ्यावा. लाभ कोणत्या तारखेपासून द्यायचा हे त्यात लिहिलेले आहे का, ते पाहावे. तारीख नसेल तर लाभ पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि चुकीच्या निर्णयामुळे गेलेले महिने हिशेबात येत नाहीत. ही मागणी मूळ अपिलातच करून ठेवलेली बरी: पहिल्या अर्जाच्या तारखेपासून, किंवा पैसे बंद झाले त्या महिन्यापासून, थकबाकीसह लाभ द्यावा. आदेशाची प्रत तहसीलच्या संजय गांधी शाखेत पोच घेऊन द्यावी. टक्के बदलले असतील तर दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्रावरची नोंदही बदलून घ्यावी, कारण ४० च्या खाली पांढरे, ४० ते ७९ पिवळे आणि ८० पासून पुढे निळे असे त्या पत्राचे रंग आहेत. रंग आणि आदेश जुळले नाहीत, तर पुढच्या पडताळणीत तोच माणूस पुन्हा अपात्रांच्या यादीत जाऊ शकतो.